फोटो कुठं लावणार?

फोटो मोठा करून घ्यायला आलेल्या माणसाला मी साइज नंतर विचारतो. आधी विचारतो, "कुठं लावणार?" हॉलमध्ये सोफ्याच्या मागं, देवघराच्या वर, दुकानात गल्ल्यामागं, की अल्बममध्ये? बऱ्याच जणांना हा प्रश्न अनपेक्षित वाटतो. ते आकडा ठरवून आलेले असतात, बारा-अठरा किंवा वीस-तीस इंच. फोटोग्राफर असला तर त्याच्याकडं आणखी एक आकडा असतो. "तीनशे डीपीआयमध्ये द्या," म्हणजे इंचाला तीनशे ठिपके. सांगलीच्या कलर लॅबमध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, आधी रोलच्या जमान्यात आणि मग डिजिटलच्या. तीनशे हा आकडा जितक्या विश्वासानं बोलला जातो तितका तो कुणी तपासून बघत नाही, हे मी रोज पाहत आलोय.

निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनापर्यंतचे दोन ठिपके वेगळे दिसतात. त्याहून जवळ आले की ते एकच भासतात. यातून हिशेब निघतो तो असा: फोटो आणि डोळा यांच्यात जितके इंच अंतर असेल, त्यानं ३,४३८ ला भागायचं. फोटो हातात धरून एका फुटावरून बघितला तर उत्तर येतं २८६. म्हणजे इंचाला २८६ पिक्सेल असले की डोळ्याला त्यापुढचं काही कळत नाही. तीनशेचा आकडा या हिशेबाला धरून आहे, पण तो हातातल्या फोटोचा आकडा आहे. पाच फुटांवरून बघितलेल्या फोटोला ५७ पुरतात आणि चौकातल्या फ्लेक्सला, वीस फुटांवरून, १४.

आता भिंतीवरच्या फोटोला ५७ देऊन मोकळं व्हावं असं मी म्हणत नाही. आपल्याकडं पाहुणा आला की सोफ्यावर बसून फोटो बघत नाही. तो उठून भिंतीजवळ जातो, काचेवर बोट ठेवतो आणि विचारतो, "हे कोण? तुमचे मामा ना?" ग्रुप फोटोच्या बाबतीत तर हे ठरलेलंच. म्हणून भिंतीवरच्या एकट्या माणसाच्या फोटोला मी इंचाला दीडशेच्या आसपास पिक्सेल बघतो आणि पंधरा-वीस जणांच्या ग्रुपला दोनशेच्या खाली शक्यतो जात नाही. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. तो वीस-तीसच्या फ्रेमला बसवायचा तर वरखाली थोडा कापावा लागतो आणि इंचाला १३३ पिक्सेल मिळतात. नवरा-नवरीचा जोडीचा फोटो असेल तर मी बिनधास्त छापतो. संपूर्ण भावकी एका फोटोत उभी असेल तर बारा-अठरावर थांबा म्हणतो. फाइल तीच, आकडा तोच, पण बघणारा माणूस फोटोत काय शोधणार आहे ते वेगळं.

लॅबमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ७२ आणि ३०० च्या वादानं. जत, कवठेमहांकाळ, तासगावकडचे फोटोग्राफर एसटीनं पेन ड्राइव्ह घेऊन यायचे. फाइल उघडली की कोपऱ्यात ७२ दिसायचं आणि चेहरा पडायचा. "ही तर लो रिझोल्यूशन आहे, तीनशे करून द्या." फाइलमध्ये खरं असतं ते फक्त पिक्सेलचं मोजमाप, आडवे किती आणि उभे किती. ७२ किंवा ३०० ही वर लावलेली चिठ्ठी असते. छापताना हे पिक्सेल किती इंचांत पसरायचे, एवढंच ती सांगते. पोत्यावरचा आकडा बदलला म्हणून आतली हळद वाढत नाही. फोटोशॉपच्या इमेज साइजच्या चौकटीत 'रिसॅम्पल' समोर एक टिकमार्क असतो. तो काढून ७२ चे ३०० केले तर एकही पिक्सेल बदलत नाही, फक्त इंच कमी होतात. टिकमार्क तसाच ठेवून केलं तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल आपल्या अंदाजानं भरतं. फाइल फुगते, फोटो मात्र आहे तिथंच राहतो. काही जण तर असं फुगवलेलं फोल्डर अख्खं घेऊन यायचे आणि मग कॉपी व्हायलाच तासभर जायचा. हा टिकमार्क काढून टाकायला मी ज्यांना ज्यांना शिकवलं, त्यांचं माझ्याकडचं निम्मं काम सोपं झालं.

पहिल्यापहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या दिवसांत हा प्रश्न खरोखर जड होता. २००४ साली निकॉनचा डी७० आला तेव्हा सहा मेगापिक्सेल म्हणजे मोठी गोष्ट होती. त्याची फाइल ३००८ बाय २००० पिक्सेलची. हातात धरून बघायच्या फोटोला तीनशेच्या हिशेबानं ती जेमतेम दहा बाय साडेसहा इंचांना पुरते. पुढं करिझ्मा अल्बमची लाट आली आणि लग्नाचं एकेक पान बारा बाय छत्तीस इंचांचं झालं. ज्याच्या हातात अजून तोच कॅमेरा होता, तो वरातीचा एकच फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरवून आणायचा. इंचाला ८३ पिक्सेल. शिवाय अल्बम काही पाच फुटांवरून बघत नाहीत. तो मांडीवर असतो, नवरीची आई एकेका दागिन्यावर बोट फिरवत असते. अशा वेळी माझा सल्ला एकच असायचा की पानावर तीन-चार फोटो घ्या, मोठा फोटो पानाच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवा. एका फोटोग्राफरनं एकाच लग्नाची दोन पानं दोन तऱ्हांनी माझ्याकडून छापून घेतली आणि गिऱ्हाइकापुढं ठेवली. गिऱ्हाइकानं कुठलं घेतलं हे सांगायची गरज नाही. त्यानंतर त्यानं डिझायनर बदलला.

अक्षरांचं प्रकरण वेगळं आहे आणि त्याकडं फार थोड्यांचं लक्ष जातं. चेहरा, साडी, झाडं, आभाळ यांना इंचाला दोनशे पिक्सेलही चालून जातात, कारण त्यांच्या कडा मुळातच मऊ असतात. पण पानाच्या खाली बारीक अक्षरांत "चि. सौ. कां." लिहिलं की वेलांटी आणि रफारांच्या तिरक्या रेषांना दात दिसायला लागतात. देवनागरीत हे लवकर कळतं. रफार, मात्रा, अनुस्वार इतके लहान असतात की पिक्सेल कमी पडले तर अनुस्वार दिसेनासा होतो आणि नावच चुकतं. म्हणून फोटो कितीचाही असो, अक्षरं असलेलं पान पूर्ण ३०० वरच बनवा असा मी आग्रह धरतो. फोटो त्यात ताणून बसला तरी हरकत नाही, अक्षरं तरी नीट उमटतात.

यंत्राचं गणित कळलं तेव्हा माझ्या कामाची तऱ्हा बदलली. आमच्यासारख्या लॅबमधली फ्रंटियर किंवा नोरित्सु मशिनं शाई फवारत नाहीत. लेझरचा प्रकाश थेट फोटोच्या कागदावर पडतो आणि मग तो कागद केमिकलमधून जातो. या मशिनांचा स्वतःचा आकडा असतो, ३०० किंवा ३२०. तुम्ही २४० ची फाइल द्या नाहीतर ५०० ची, मशिन ती आपल्या आकड्याला आणूनच छापतं. त्यामुळं ५०० ची फाइल देऊन जास्त बारकावे मिळतात हा समज खोटा आहे. उलट कधी कधी लहान करताना बारीक रेषांच्या साडीवर किंवा जाळीच्या पडद्यावर नसलेली लाटांची नक्षी उमटते. शाईच्या प्रिंटरचं निराळं. एप्सनच्या ड्रायव्हरला ३६० किंवा ७२० चा हिशेब जमतो, कॅननला ३०० किंवा ६००. खोक्यावर २८८० बाय १४४० असं छापलेलं असतं ते शाईच्या थेंबांचं मोजमाप असतं, फोटोच्या पिक्सेलचं नव्हे. एक पिक्सेल रंगवायला अनेक थेंब लागतात. थेंबांचा आकडा बघून २८८० ची फाइल बनवणारा माणूस मला भेटलेला आहे. त्याचा कॉम्प्युटर ती फाइल सेव्ह करेपर्यंत बंद पडायचा.

छापखान्यातला हिशेब थोडक्यात सांगतो, कारण स्मरणिका आणि गौरव अंकांचे फोटो आमच्याकडूनच जातात. चांगल्या कागदावर दीडशेची स्क्रीन असते, म्हणजे इंचाला छपाईच्या ठिपक्यांच्या दीडशे ओळी, आणि फोटो त्याच्या दुप्पट, म्हणजे ३०० चा लागतो. वर्तमानपत्राची स्क्रीन ८५ ते १०० ची, म्हणून तिथं २०० चा फोटोही भरपूर होतो.

सगळ्यात कठीण काम मात्र श्रद्धांजलीच्या फोटोचं. रात्री कुणी गेलेलं असतं, सकाळी घरातला एखादा पोरगा मोबाइल पुढं करतो. फोटो लग्नातला, मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आजीचा, आणि तोही कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू बराच काळ १६०० पिक्सेलच्या आसपास राहत आली. २०२३ मध्ये एचडीचा पर्याय आला, पण घाईत तो निवडतं कोण? अशा फोटोत मी फोटोचे पिक्सेल मोजत नाही, चेहऱ्याचे मोजतो. या कानापासून त्या कानापर्यंत किती भरतात? दीडशेच्या खाली भरले की माझ्या मनात गणित सुरू होतं. बारा-पंधराच्या फ्रेममध्ये चेहरा पाच इंच रुंद हवा असेल तर इंचाला तीससुद्धा मिळत नाहीत.

अशा वेळी पहिला प्रश्न, हा फोटो काढला कुणी? त्याच्या मोबाइलमध्ये मूळ फोटो असतो. त्यानं तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. दुःखाच्या घरात हे विचारणं जिवावर येतं, पण मी विचारतोच. कितीतरी वेळा पुण्या-मुंबईच्या भाच्यानं अर्ध्या तासात मूळ फाइल पाठवली आहे आणि धूसर चेहऱ्याच्या जागी पापण्यांचे केस दिसायला लागले आहेत.

मूळ फाइल मिळाली नाही तर? अलीकडं याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं. एआयवर टाका. मिनिटात चेहरा लख्ख होतो. एका घरच्यांनी आईचा असा फोटो बाहेरून करून आणला आणि माझ्याकडं फक्त छापायला दिला. गावाकडची बाई, सत्तरीच्या पुढची. फोटोत दात एका ओळीत, त्वचा तुकतुकीत, डोळ्यांत चमक. सोबत त्या आईची धाकटी बहीण आली होती. तिनं फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ही आमची आक्का न्हवं." मग तिनं बोटानं दाखवलं. कपाळावर कुंकवाखाली आणि हनुवटीवर हिरवं गोंदण होतं, ते गेलं होतं. मूळ फोटोत ते गोंदण दोन-तीन पिक्सेलचं होतं. सॉफ्टवेअरला तो डाग वाटला आणि त्यानं तो पुसला. त्याच्याकडं आक्कांचा चेहरा नव्हताच. लाखो दुसऱ्या चेहऱ्यांवरून शिकून आलेला एक सरासरी चेहरा त्यानं आक्कांच्या जागी बसवला होता.

आम्ही मूळ फोटोकडं परत गेलो. कानापासून कानापर्यंत १४० पिक्सेल. मी चेहऱ्यापुरता कापला नाही. डोक्यावरचा पदर, खांदे, कमरेपर्यंतचं अंग ठेवलं. चेहरा सव्वा इंचाचा झाला, म्हणजे इंचाला ११२ पिक्सेल. फोटो मॅट कागदावर छापला, कारण ग्लॉसी कागद प्रत्येक उणीव वर काढतो. थोडा बारीक दाणा मुद्दाम मिसळला, म्हणजे पिक्सेलच्या चौकोनी कडा नजरेला टोचत नाहीत. आणि तो लहान फोटो मोठ्या पांढऱ्या माउंटमध्ये बसवून बारा-पंधराच्या फ्रेममध्ये घातला. घरच्यांना भिंतीवर जेवढी फ्रेम हवी होती तेवढी मिळाली. गोंदण जागच्या जागी होतं. चार फुटांवरून बघायला ७२ पिक्सेल पुरतात, इथं त्याहून जास्त होते. तेव्हापासून कमी पिक्सेलच्या चेहऱ्याला मी माउंटचा मार्ग सुचवतो आणि एआयनं केलेला चेहरा छापायचाच असेल तर मूळ फोटो शेजारी ठेवून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा दाखवायला सांगतो. झाडं, भिंती, साडीचं सूत एआयनं भरलं तर माझी तक्रार नाही. चेहऱ्यात भर घालायचा अधिकार मात्र मला त्याला द्यावासा वाटत नाही, गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यात तर नाहीच.

मूळ फोटोचं मोल पुरानंही शिकवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची ४५ फुटांची पातळी केव्हाच मागं पडली होती आणि गावभागात, पेठांमध्ये, आजूबाजूच्या खेड्यांत घरांत माणूसभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर लोकांनी भांडीकुंडी, धान्य बाहेर काढलं आणि त्याबरोबर अल्बम. चिखलानं माखलेले, पानं एकमेकांना चिकटलेली. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पाण्यानं तो फुगून मऊ होतो आणि वाळताना समोरच्या फोटोला घट्ट धरून बसतो. उन्हात वाळवून मग ओढून काढलेले फोटो कायमचे गेले. ज्यांनी ओले असतानाच आणले, त्यांचे आम्ही स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सोडवले, चित्राची बाजू वर करून सुती कापडावर पसरले. लॅबच्या फरशीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाची मुंज, कुणाचं बारसं, कुणाचा पंढरीच्या वारीतला फोटो.

मग स्कॅनिंग. इथंही लोकांना मोठ्यात मोठा आकडा हवा असतो. पण चार-सहाच्या रंगीत प्रिंटमध्ये इंचाला तीनशेच्या पुढचा तपशील फारसा नसतोच. ६०० वर स्कॅन केला की दुप्पट मोठा करण्यापुरतं सगळं हाती येतं. २४०० वर केला तर कागदाचे धागे, धूळ आणि ओरखडे तेवढे जास्त येतात. सिल्क कागदाच्या प्रिंटचा तर एकेक उंचवटा चमकतो. असे फोटो मी स्कॅनरवर न ठेवता दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांतून दिवे लावून कॅमेऱ्यानं काढले. आजोबांच्या काळातले लहान काळे-पांढरे फोटो मात्र वेगळे. ते मोठ्या निगेटिव्हवरून थेट कागद चिकटवून छापलेले असतात आणि त्यांत भिंगानं बघावं इतका तपशील असतो, त्यांना १२०० द्यावेत.

आणि खरा ठेवा होता निगेटिव्ह. अल्बमच्या मागच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत, लोकांनी वर्षानुवर्षं न बघितलेले. त्यांवरही जिलेटिन असतं, पण धुवून निघाले. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हवर चित्राचा चौकोन २४ बाय ३६ मिलिमीटरचा. तो २४०० वर स्कॅन केला की ३४०२ बाय २२६८ पिक्सेल मिळतात, म्हणजे हातात धरायच्या दर्जाचा सव्वाअकरा बाय साडेसात इंची फोटो. अल्बममधली प्रिंट पूर्ण गेलेली असताना त्याच क्षणाचा तिच्या दुप्पट मोठा फोटो घेऊन लोक घरी गेले. त्याआधी लोक मला विचारायचे, "आता निगेटिव्ह ठेवून काय करायचं?" आणि मी म्हणायचो, "ठेवा." पुरानंतर कुणी विचारलं नाही.

आता लॅबमध्ये एक नवा मुलगा आलाय. हुशार आहे, फोटोशॉप माझ्याहून चपळ चालवतो. त्यालाही पहिल्या दिवशी आकडा हवा होता. मी एकच फोटो चार वेळा छापून दिला, इंचाला १००, १५०, २०० आणि ३०० पिक्सेल, मागं बारीक खूण करून. मॅट कागदावर २०० आणि ३०० यांतला फरक त्याला हातात धरूनही सांगता येईना. ग्लॉसीवर लगेच सांगितला, तोही खालच्या अक्षरांवरून. मग चारही भिंतीला लावले आणि त्याला दारात उभं केलं. तिथून त्यानं १०० वाला उत्तम म्हणून निवडला, कारण त्यावर दिव्याचा उजेड बरोबर पडत होता.

मोठी ऑर्डर आली की आता तोच आधी तुकडा काढतो. वीस-तीसच्या फोटोतला चेहऱ्याचा भाग खऱ्या मापात सहा-आठच्या कागदावर छापायचा, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि सांगायचं की घरी न्या, जिथं लावणार तिथं चिकटवा, रात्री दिवा लावून बघा, उद्या सांगा. कागदाचा खर्च फारसा नाही. परवा एकानं तुकडा परत आणला आणि वीस-तीसच्या जागी सोळा-वीस करायला सांगितलं. फ्रेमवाल्याकडं माप अजून गेलं नव्हतं.